शतांशाची वही : लातूर-नांदेडकडील आर्य समाजाचा भूतकाळ आणि पुढची वाट

समान व्रत घेतलेली माणसे आपणहून एकत्र येतात, ठरल्या दिवशी जमतात, वर्गणी देतात, आपल्यांतूनच पदाधिकारी निवडतात, झालेल्या कामाची नोंद ठेवतात आणि अडल्यानडल्या सभासदाच्या पाठीशी उभी राहतात, अशा संस्थेला बंधुमंडळ म्हणता येईल. युरोपात या प्रकाराचे सर्वांत परिचित रूप म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या लॉज, आणि ते रूप हिंदुस्थानातही लवकर आले. मुंबईत १८४३ साली हिंदी सभासदांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, तर निजामाच्या राजधानीत गोशामहल बारादरीत १८७२ पासून मेसन मंडळी जमू लागली. मराठवाड्यातील बाजारपेठांच्या गावांत मात्र बंधुमंडळाचा हा सांगाडा रुजला तो लॉजच्या नावाने नव्हे, तर आर्य समाजाच्या नावाने. उदगीर, लातूर, नांदेड, निलंगा या पट्ट्यात आर्य समाजाचा इतिहास बहुधा निजाम सरकारविरुद्धच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहापुरता सांगितला जातो. सत्याग्रहाला माणसे कोठून मिळाली, पैसा कसा उभा राहिला आणि एक पुढारी तुरुंगात गेला तरी काम का थांबले नाही, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्याआधीच्या, दिसायला साध्या आणि संथ चाललेल्या साप्ताहिक जीवनात सापडतात. या समाजांना आज पुढची वाट शोधायची असेल, तर ती त्याच जीवनाच्या अभ्यासातून मिळण्याचा संभव अधिक आहे.

महाराष्ट्रातील सुधारकांना बंधुमंडळाची कल्पना नवी नव्हती. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. तीत प्रवेश घेणाऱ्याला जातिभेद मानत नसल्याची खूण म्हणून परजातीच्या हातचे खावे-प्यावे लागे, आणि सभासदांची नावे कटाक्षाने गुप्त ठेवली जात. सुमारे १८६० मध्ये ती नावे बाहेर फुटल्याचे कळताच सभा विस्कटली. तिच्यातील काही मंडळी पुढे १८६७ च्या प्रार्थना समाजात उघडपणे वावरली, परंतु अकरा वर्षे जपलेले ते भावंडपण एका यादीने मोडले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. स्वामी दयानंद सरस्वतींनी एप्रिल १८७५ मध्ये मुंबईतच आर्य समाज स्थापन केला, तेव्हा त्याची घडण नेमकी उलट होती. सभासदाचे नाव वहीत लिहिलेले, सत्संग उघड्या दाराचा आणि नियम छापलेले, अशी ती रीत होती. मुंबईत ठरवलेल्या अठ्ठावीस नियमांचे १८७७ मध्ये लाहोरला दहा नियम झाले आणि व्यवस्थेचा भाग उपनियम म्हणून वेगळा काढण्यात आला. दहा नियमांपैकी शेवटचे दोन बंधुमंडळाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत: स्वतःच्याच उन्नतीत समाधान न मानता सर्वांच्या उन्नतीत आपली उन्नती समजावी, हा नववा, आणि सर्वांच्या हिताच्या नियमाबाबत माणसाने बांधील राहावे व स्वतःपुरत्या हिताच्या बाबतीत स्वतंत्र असावे, हा दहावा. परमहंस सभेची बांधिलकी गुपितावर उभी होती, तर येथे ती उघड नोंदीवर उभी राहिली.

या नोंदीचा कणा म्हणजे शतांश. शतांश म्हणजे उत्पन्नाचा शंभरावा भाग. उपनियमांप्रमाणे ज्याचे नाव वर्षभर समाजाच्या वहीत आहे, ज्याचे आचरण चांगले आहे आणि जो आपल्या उत्पन्नाचा शतांश समाजाला देतो, तो ‘आर्य सभासद’ ठरतो आणि त्यालाच मताचा अधिकार मिळतो. सभासदांनी निवडलेल्या कार्यकारी मंडळाला अंतरंग सभा म्हणतात. तीत प्रधान, मंत्री, कोषाध्यक्ष यांच्या जोडीला पुस्तकाध्यक्ष, म्हणजे ग्रंथसंग्रह सांभाळणारा पदाधिकारीही असतो. लातूरसारख्या आडतीच्या गावी शतांशाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल, कारण तेथे सगळा व्यवहारच शेकड्यावर चाले. परंतु बाजारपेठेतील धर्मादाय आणि समाजाचा शतांश यांत मोठा भेद होता. धर्मादाय म्हणजे मालाच्या विक्रीवर धर्मकार्यासाठी कापली जाणारी रक्कम. ती जाई शेतकऱ्याच्या पट्टीतून आणि पुण्य लागे पेढीच्या नावे. शतांश मात्र देणाऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीतून निघे, आणि शंभर रुपये मिळवणाऱ्या वकिलाचा एक रुपया व दहा रुपये मिळवणाऱ्या शिक्षकाचे दीड-दोन आणे वहीत समान हक्काचे मानले जात. शंभरातला एक म्हणजे कोणालाही न झेपणारा त्याग नव्हे. पण तो दर महिन्याला द्यावा लागतो, आणि बंधुत्व टिकते ते अशा नित्याच्या देण्यावर.

निजामाच्या राज्यातील पहिला आर्य समाज १८८० मध्ये बीड जिल्ह्यातील धारूर येथे, म्हणजे मराठी मुलुखातच, निघाला असे मानले जाते; हैदराबादच्या सुलतान बाजारात समाज स्थापन झाला तो १८९२ मध्ये. राजधानीतील समाजाला पुढे केशवराव कोरटकरांसारखे मराठी नेतृत्व लाभले. वकिलीतून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत गेलेल्या या गृहस्थांनी विवेकवर्धिनीसारख्या शाळेच्या उभारणीतही भाग घेतला, आणि त्यांचे पुत्र विनायकराव गुरुकुल कांगडीत शिकून विद्यालंकार पदवीधर झाले. आजच्या नकाशावरून हा इतिहास शोधू जाणारा मात्र चुकण्याचा संभव असतो. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्याआधी लातूर व औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. त्यामुळे उदगीरच्या घडामोडींचे सरकारी कागद बीदरच्या नावे निघतात. दळणवळणाचे धागेही वेगवेगळे होते. लातूर १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी कुर्डुवाडीला, म्हणजे ब्रिटिश मुलुखाला जोडलेले होते, तर नांदेड हैदराबाद-मनमाड मार्गावर होते. गावोगाव फिरून भजनांतून प्रचार करणारे भजनोपदेशक, छापील पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांच्यासाठी बार्शी रेल्वेची वाट फार उपयोगाची होती, आणि सोलापूरचे या पट्ट्याशी असलेले नाते सत्याग्रहाच्या काळात उपयोगी पडले त्याचे एक कारण हे आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरची भाषा मराठी, आणि सीमेलगतच्या गावांत कन्नड वा तेलुगू. आर्य समाजाने सत्संगाची भाषा म्हणून हिंदी आणली, आणि ज्याला ती वाचता येते तो संध्या, हवन व प्रवचन स्वतः करू शकतो अशी सोय झाली. हवनकुंडाचा आकार पाहिला की या बंधुमंडळाचा साधेपणा ध्यानात येतो. वरच्या अंगाला चौरस आणि खाली निमुळते होत गेलेले, तळाची बाजू वरच्या बाजूच्या चौथाईइतकी, असे हे तांब्याचे किंवा लोखंडी पत्र्याचे पात्र असते किंवा जमिनीत बांधलेला खड्डा असतो. भोवती चार बाजूंना चार माणसे बसतात, समिधा रचतात, तूप आणि सामग्री, म्हणजे सुगंधी वनस्पतींचे जाडेभरडे मिश्रण, आहुतीआहुतीने सोडतात आणि काही आहुतींनंतर ‘हे माझे नाही’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. त्यात मूर्ती नाही, गाभारा नाही, आणि जन्माने ठरलेला पुजारीही लागत नाही. ज्या मुलुखात मंदिराच्या पायरीवर जात विचारली जाई, तेथे या चौरसाच्या चार बाजूंना कोण बसतो हा प्रश्न मूलतः सामाजिक होता.

म्हणूनच सरकारची नजर कुंडावरही पडली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून संस्थानात सभा भरवण्यासाठी आगाऊ परवानगीची सक्ती करणारी गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, लागू होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ती जुन्या पिढीच्या तोंडी होती. आखाडे, खासगी शाळा आणि नवी प्रार्थनास्थळे यांवरही परवानगीचे बंधन होते, आणि हवनकुंड बांधण्यालाही ते लागू केले जाते अशी आर्य समाजाची तक्रार असे. राजकीय सभा जेथे अशक्य होती तेथे साप्ताहिक सत्संग ही माणसांनी एकत्र बसण्याची एक जागा उरली होती, आणि त्याच्या जोडीला आखाडा व वाचनालय होते. बंधुमंडळाच्या नेहमीच्या सवयी, म्हणजे ठरल्या वेळी येणे, अध्यक्षाच्या अनुमतीने बोलणे, ठराव मांडणे, हिशेब वाचून दाखवणे, येथेच अंगवळणी पडल्या. मतपेटी ठाऊक नसलेल्या राज्यात निवडणुकीचा पहिला अनुभव काही जणांना अंतरंग सभेच्या निवडीतून मिळाला असेल, तर ती या समाजांची लहान कामगिरी नव्हे.

१९३० च्या दशकात राज्यभरातील समाजांना जोडणारी आर्य प्रतिनिधी सभा उभी राहिली आणि उदगीर हे तिच्या कामाचे एक प्रमुख केंद्र बनले. बन्सीलाल आणि श्यामलाल या बंधूंनी, दोघेही पेशाने वकील, या भागात समाजांचे जाळे विणले. डिसेंबर १९३७ मध्ये उमरगा तालुक्यातील गुंजोटी येथे वेदप्रकाश या तरुणाची हत्या झाली; १९३८ च्या दसऱ्यात उदगीरला दंगल उसळली, श्यामलालांना अटक झाली, आणि डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि सत्याग्रहाचा निर्णय झाला. महात्मा नारायण स्वामी पहिले सर्वाधिकारी झाले. सर्वाधिकारी म्हणजे लढ्याची सगळी सूत्रे हाती असलेला नेता. तो पकडला गेला की पुढचा नेमला जाई, आणि अशा आठ नेमणुका झाल्या, त्यांतील आठवी विनायकराव विद्यालंकारांची. देशभरातून हजारो सत्याग्रही आले आणि संस्थानच्या तुरुंगांत गेले. जुलै १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्यावर ऑगस्टमध्ये लढा मागे घेण्यात आला.

याच काळात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू होऊन डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने थांबला होता. नागरी हक्कांची सर्व प्रजेची मागणी आणि धार्मिक हक्कांची एका समाजाची मागणी एकमेकींत मिसळली तर पहिलीचे स्वरूप जातीय ठरेल, ही भीती त्यामागे होती, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा प्रवाह आणि आर्य समाजाचा प्रवाह गावपातळीवर अनेकदा एकाच घरातून वाहिले; एकाच माणसाने सकाळी हवन केले आणि संध्याकाळी काँग्रेसचे पत्रक वाटले. परंतु दोन्ही प्रवाहांच्या ‘आम्ही’ या शब्दाची व्याप्ती सारखी नव्हती. शुद्धी, म्हणजे धर्मांतरितांना परत घेण्याचा विधी, आणि इत्तेहादुल मुसलमीन या मुसलमान संघटनेच्या बाजूने चाललेली धर्मांतराची चळवळ यांनी गावे तणावाखाली ठेवली. पुढे रझाकारांचा, म्हणजे इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, नेता झालेला कासिम रझवी लातुरातच वकिली करीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही तेढ किती जवळच्या अंतरावर वाढली ते समजते. रझाकारांचे अत्याचार लोकांच्या स्मरणात पक्के आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमान प्रजेवर सर्वाधिक आघात झाला, हे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी पाहणी करून नोंदवले होते आणि तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला. ज्या बंधुमंडळाचा नववा नियम सर्वांच्या उन्नतीचा आहे, त्याने आपल्या मुलुखाचा इतिहास लिहिताना १९३९ चे पान सोनेरी शाईने आणि १९४८ चे पान कोरे ठेवणे न्यायाचे होणार नाही.

बंधुत्वाच्या व्याप्तीचा दुसरा प्रश्न जातीचा होता, आणि तेथे आर्य समाजाचा इतिहास अभिमानाचा आहे तसाच बोचणाराही आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले ते याच आशेने, की वेदाधिकार सर्वांना आहे असे सांगणारी ही संस्था ब्राह्मणी मक्तेदारीला उतारा ठरेल. याउलट लाहोरचे, आर्य समाजी मंडळींनी चालवलेले जात-पात तोडक मंडळ १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावते आणि भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द करते. ते भाषण मग आंबेडकरांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले, आणि आज ते मंडळापेक्षा कितीतरी अधिक ओळखले जाते. बंधुमंडळ आपल्याच नियमाला घाबरले म्हणजे काय घडते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. मराठवाड्यातील समाजांनी हे प्रकरण आपल्या इतिहासाचाच भाग मानले, तर सभासदत्वाचे दार आज प्रत्यक्षात कोणासाठी उघडे आहे याची तपासणी करणे त्यांना सोपे जाईल.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेने शिक्षणाचे रूप घेतले. उदगीरला श्यामलालांच्या नावाने शाळा उभी राहिली. लातुरात १९६१ मध्ये दयानंद शिक्षण संस्था निघाली आणि तिच्या महाविद्यालयाचे नाव पुढे ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षा-तयारीच्या पद्धतीच्या चर्चेत राज्यभर गेले. शाळा-महाविद्यालये वाढली तशी ती स्वतंत्र विश्वस्त मंडळांच्या हाती गेली, आणि मूळ समाज मंदिराकडे उरले ते साप्ताहिक हवन, श्रावणी उपाकर्म, संस्कार आणि विवाह. मराठवाड्यात ‘आर्य समाजात लग्न केले’ या वाक्याचा अर्थ आज बहुधा घरच्यांच्या संमतीविना, थोडक्यात आणि लवकर केलेले लग्न असा होतो. या रूढ अर्थामागचा इतिहास मोठा आहे. १९३७ च्या आर्य विवाह मान्यता कायद्याने आर्य समाजी वधूवरांची जात वेगळी असली तरी त्यांचा विवाह वैध ठरवला. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा असल्याने निजामाच्या राज्याला आपोआप लागू नव्हता, त्यामुळे येथील जोडप्यांना आधार होता तो कायद्याचा नव्हे, तर समाजातील माणसांचा. साक्षीला उभे राहणारे, काही दिवस घरी ठेवून घेणारे, नोकरी लावून देणारे आणि सणावारी घरी बोलावणारे सभासद हेच त्या विवाहाचे खरे प्रमाणपत्र होते. आज कायदा आहे, नोंदणी कार्यालय आहे, कागद मिळतो. ज्याची उणीव आहे ते लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचे आमंत्रण आहे, आणि ते देणे कोणत्याही सरकारी कार्यालयाचे काम नव्हे. भूतकाळ एखाद्या समाजाला स्पष्ट दिशा दाखवीत असेल तर ती येथे: विवाहांची संख्या मोजण्यापेक्षा, विवाह लावलेल्या जोडप्यांना सभासद करून घेणे आणि त्यांच्यासाठी जुन्या मंडळींनी वडीलकीचे नाते निभावणे.

शतांशाबाबतही असेच म्हणता येते. इमारतीचे भाडे, सभागृहाचे उत्पन्न किंवा एखाद्या मोठ्या दात्याची देणगी यांवर चालणाऱ्या संस्थेला सभासदांची गरज हळूहळू उरत नाही, आणि सभासदांची गरज नसलेली संस्था काही हातांत आटते. मग मालमत्तेचे वाद सुरू होतात. १९३९ मध्ये समाज टिकले ते त्यांच्याकडे मालमत्ता जवळजवळ नव्हती आणि देणारे हात अनेक होते म्हणून. उत्पन्नाच्या एका टक्क्याचा नियम आज काटेकोर पाळता येईल का याविषयी मतभेद होऊ शकतील, परंतु ज्याने काही दिले त्यालाच मत, आणि प्रत्येकाने द्यायचे ते आपल्या ऐपतीच्या प्रमाणात, हे तत्त्व जुने झालेले नाही.

हा इतिहास लिहिण्याची सोय मात्र दरवर्षी कमी होत आहे. या भागातील त्या काळचे कागद वाचायचे तर उर्दू, मोडी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांशी ओळख लागते, आणि तारखांचे घोळ वेगळेच असतात. सरकारी हुकूम फसली सनाने, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाने, निघत. समाजाची पत्रके विक्रम संवत किंवा दयानंदाब्द, म्हणजे स्वामींच्या जन्मापासूनचे वर्ष, घालीत. आणि सोलापूरहून येणारी पत्रे इसवी सनाची असत. अंतरंग सभेतील पुस्तकाध्यक्ष हे पद उपनियमांत अजूनही आहे. त्या पदावरील माणसाने कपाटातल्या जुन्या वह्या बाहेर काढून, वाळवी लागण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन, फसली सनात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवीत एकेक तारीख इसवीत आणली, तर सत्याग्रहाचे वर्ष त्याला १३४८ या आकड्याखाली सापडेल. तेथे सर्वाधिकाऱ्यांची नावे कदाचित नसतील. असतील ती दर महिन्याला दोन आणे, चार आणे भरणाऱ्यांची, जे तुरुंगात गेले नाहीत, ज्यांचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही, आणि ज्यांच्यापुढे एखाद्या महिन्याची जागा रिकामी असली तर तिचे कारणही त्या वर्षीच्या पावसात आणि पिकात शोधावे लागेल.